चिनी बारावीचं इंग्लिश लिसनिंग-रीडिंगचं सराव पुस्तक: ऐकायला झकास, वाचायला जेमतेम

आधीच सांगते, पुस्तकाचं नाव लिहीत नाहीये, कारण ते सगळं चिनी अक्षरात आहे आणि मी देवनागरीत काहीतरी ठोकून देणार, तुम्ही ते शोधत बसणार, म्हणजे आनंदच. नानजिंगमधल्या कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात हायस्कूलच्या कप्प्यासमोर उभं राहिलं की अशी ढीगभर दिसतात, सगळ्यांवर मोठ्ठ्या अक्षरात लिसनिंग आणि रीडिंग एकत्र, आणि कोपऱ्यात यंदाचं साल. त्यातलंच हे एक. कव्हरवर किंमत 45 युआन, ऑनलाइन 28 ला मिळालं. तीस सेट, प्रत्येकात एक पूर्ण लिसनिंग, चार उतारे आणि एक ते सातातून पाच निवडायचं प्रकरण, म्हणजे उताऱ्यातल्या पाच रिकाम्या जागांसाठी दिलेल्या सात वाक्यांतून पाच निवडायची.

आता मी यात कशी पडले ते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नानजिंगला आलो त्याला चार वर्षं झाली. शेजारची पोरगी गाओसानला, म्हणजे आपल्याकडची बारावीच. ती मला आयी म्हणते. पहिल्यांदा दारात उभी राहून आयी म्हणाली तेव्हा मी जागीच विरघळले होते, नंतर कळलं की चिनीत आयी म्हणजे मावशी-काकू, गल्लीतल्या प्रत्येक बाईला तेच म्हणतात. असो. डिसेंबरमधे तिच्या आईने विचारलं की तुम्हाला इंग्लिश येतं तर रविवारी दुपारी तासभर हिच्याबरोबर बसाल का, तेवढा एकच वेळ रिकामा असतो तिला, बाकी रोज रात्री साडेनऊपर्यंत शाळेतच अभ्यास. मी म्हटलं बसू की. पैसे वगैरे काही नाही, दर रविवारी घरून डंपलिंगचा डबा यायचा, ते मात्र मी नाही म्हटलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, गाओकाओ म्हणजे तिथली बारावीनंतरची कॉलेज प्रवेशाची परीक्षा, तिचा इंग्लिशचा पेपर 150 मार्कांचा, दोन तास, 8 जूनला दुपारी 3 ते 5. त्यात लिसनिंग 30, रीडिंग 50 (चार उताऱ्यांवर 15 प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क, वर सातातून पाचचे साडेबारा), मग गाळलेल्या जागा 30 आणि लिहिण्याचे 40. म्हणजे निम्म्याहून जास्त पेपर हा नुसता ऐकून आणि वाचून समजलं का यावरच आहे. हा हिशोब नव्या पॅटर्नचा, नानजिंगला तोच चालतो. बीजिंगवाल्यांनी हे पुस्तक घेऊ नका, तिथे 2021 पासून लिसनिंग आणि स्पीकिंग मिळून 50 मार्क आहेत, कॉम्प्युटरवर वेगळी परीक्षा होते आणि दोनदा देता येते, त्यांचं सगळं गणितच निराळं.

लिसनिंगपासून सुरू करते कारण पैसे वसूल झाले ते तिथेच. पहिले पाच छोटे संवाद, एकदाच ऐकवतात, संपले की दहा सेकंद, त्यात उत्तर लिहायचं आणि पुढचा प्रश्नपण वाचून घ्यायचा. मग मोठे पाच, ते दोनदा, त्यावर पंधरा प्रश्न. एकूण वीस, प्रत्येकी दीड मार्क, साधारण वीस मिनिटं. पुस्तकाचं ऑडिओ अगदी खऱ्या परीक्षेच्या चालीवर आहे, सुरुवातीची ती चिनी सूचना, मधली शांतता, आणि हो, तो शर्टसुद्धा! ज्याला गाओकाओ माहीत आहे त्याला शर्ट माहीत असणारच. सुरुवातीला नमुना म्हणून एक प्रश्न येतो, शर्ट केवढ्याला, आणि उत्तर नऊ पौंड पंधरा. वर्षानुवर्षं तोच शर्ट, तीच किंमत. जगात सगळं महाग झालं, तो शर्ट नाही झाला. पोरं त्यावर हसतात, पण तो चालू असताना कोणी ऐकत नसतं, तेवढ्या वेळात पहिले पाच प्रश्न वाचून पर्यायांखाली रेघा मारायच्या असतात, हे तिच्या शाळेत पहिल्याच दिवशी सांगतात. पुस्तकात तो वेळ कापलेला नाही, हे मला फार आवडलं. काही स्वस्तातल्या पुस्तकांत ऑडिओ थेट पहिल्या संवादापासून सुरू होतं, मग पोरांना ती सवयच लागत नाही.

पण पुस्तकातली सगळ्यात भारी गोष्ट मागच्या उत्तरांच्या वेगळ्या वहीत आहे, सगळ्या ऑडिओची पूर्ण संहिता, आणि तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पोरांची पद्धत एकच, सेट सोडवायचा, उत्तरं तपासायची, चुकलेले प्रश्न चुकांच्या वहीत उतरवायचे आणि पुढचा सेट. याला ते प्रश्न घासणं म्हणतात, भांडी घासतात तसं. तिने आमच्या पहिल्या रविवारपर्यंत सहा सेट घासले होते आणि मार्क हलायला तयार नाहीत, 30 पैकी 18. मग मी म्हटलं नवीन सेट बंद, चुकलेला संवाद लावायचा, ऐकू येईल ते शब्द न शब्द कागदावर लिहायचं, आणि मग संहितेशी ताडायचं. पहिल्या दिवशी चार ओळींच्या संवादाला पंचवीस मिनिटं लागली आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

त्यातून जे बाहेर आलं ते मजेशीर होतं. एक म्हणजे शब्दांची शेपटं. चिनी अक्षराचा उच्चार जवळपास नेहमी एकतर स्वरावर संपतो नाहीतर न किंवा ङ वर, त्यामुळे इंग्लिश शब्दाच्या शेवटी येणारे ट, ड, क तिच्या कानाला लागतच नव्हते. वॉक आणि वॉक्ड तिला सारखंच ऐकू यायचं, आणि त्यात चिनी क्रियापदाला काळाप्रमाणे रूपच बदलावं लागत नाही, मग माणूस गेला होता का जाणार आहे हा प्रश्न आला की अंदाजपंचे. दुसरं, आकडे. चिनीत दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे, वान, आणि मोठे आकडे सगळे वानात मोजतात. थ्री हंड्रेड थाउजंड ऐकलं की तिला डोक्यात ते तीस वान करावं लागतं, तोपर्यंत संवाद पुढे गेलेला. यावर मी मात्र तिला ओरडू शकले नाही, कारण मी अजून ते तीन लाख करूनच समजून घेते. आणि तिसरं म्हणजे बोलण्याच्या लकबी. बाई म्हणते सिनेमा किती कंटाळवाणा होता, पुरुष म्हणतो यू कॅन से दॅट अगेन, आणि हिने उत्तर लिहिलं की त्याला नीट ऐकू आलं नाही, परत सांग म्हणतोय. शब्द सगळे ओळखीचे, अर्थ गायब. पुस्तकात असे फसवे संवाद भरपूर आहेत आणि चांगल्या मुरलेल्या माणसाने लिहिलेत हे कळतं.

आवाजांबद्दल एक तक्रार आहे. सगळे बोलणारे स्टुडिओत बसून, घसा साफ करून, सावकाश आणि स्वच्छ बोलतात. परीक्षेत तसंच असतं त्यामुळे पुस्तकाला दोष देणं बरोबर नाही म्हणा, पण ही पोरगी माझं इंग्लिश ऐकून दोन रविवार गोंधळलेली होती, यावरून काय ते समजा.

आता रीडिंग. उतारे निवडलेत चांगले, खऱ्या पेपरच्या क्रमाने, पहिला जाहिरात किंवा वेळापत्रक टाइप, दुसरा कोणाची तरी गोष्ट, तिसरा-चौथा विज्ञान किंवा समाजावर, आणि चौथा हमखास घाम काढणारा. शब्दांची निवड पण विचार करून केलेली आहे. गाओकाओच्या पोरांकडे ती साडेतीन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी तोंडपाठ असते, आणि पेपर काढणारे त्याच यादीतल्या सोप्या शब्दाचा भलताच अर्थ वापरतात. ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ, यासाठी तर चिनीत चार अक्षरांचं नावच आहे. अॅड्रेस म्हणजे पत्ता हे तिला सहावीपासून माहीत, पण एका उताऱ्यात सरकार प्रॉब्लेम अॅड्रेस करतंय असं आलं आणि तिने मला गंभीरपणे विचारलं की आयी, प्रॉब्लेमला पत्र पाठवतात का?

पण स्पष्टीकरणं! काय लिहिलंय काय त्यात? शहरातली झाडं आणि उन्हाळा यावर एक उतारा होता, प्रश्न होता की लेखकाचा या योजनेबद्दल सूर कसा आहे, पाठिंब्याचा, शंकेचा, बेफिकीर की विरोधाचा. आम्ही दोघी अर्धा तास भांडलो. उत्तराच्या वहीत बघितलं तर एक ओळ, दुसऱ्या परिच्छेदावरून उत्तर बी. बस. कुठल्या वाक्यावरून, पाठिंबा का नाही, काही नाही. लिसनिंगची संहिता शब्द न शब्द छापायला जागा होती, इथे तीन ओळी लिहायला काय झालं होतं? आणि अकराव्या सेटमधे तर स्पष्टीकरण डी चं आणि उत्तर छापलंय बी, तिने बिचारीने स्वतःचं बरोबर उत्तर खोडून चुकीचं केलं कारण छापलेलं कसं चुकेल. तसं अजून एका ठिकाणी सापडलं. 28 युआनला काय मिळणार म्हणून सोडून देता आलं असतं, पण या पोरांचा अडीच मार्कांसाठी जीव जातो.

लांब वाक्यांवर पुस्तकात काहीच मदत नाही हीपण मोठी उणीव. इंग्लिशमधे माणूस आधी येतो आणि त्याची माहिती हू, विच लावून मागून शेपटासारखी येते. चिनीत सगळी माहिती आधी आणि माणूस शेवटी, आपण काल मुंबईहून आलेला पाहुणा म्हणतो अगदी तसं. त्यामुळे ती कुठे अडकते ते मला पटकन कळायचं, ती पाहुण्याची वाट बघत बसायची आणि पाहुणा वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन गेलेला असायचा. मग हू-विच दिसलं की तिथे पेन्सिलने उभी रेघ, आधी रेघेच्या अलीकडचं आणि हू-विचचा तुकडा संपल्यावर येणारं मुख्य क्रियापद वाचायचं, मधलं नंतर. हे आम्ही आमचं केलं, पुस्तकाने नाही शिकवलं. पुस्तकाने काय शिकवलं, तर अडलं तर कुठला पर्याय ठोकायचा याच्या युक्त्या, तीन लांब एक आखूड असेल तर आखूड निवडा, तीन आखूड एक लांब असेल तर लांब. ही म्हण चीनमधल्या प्रत्येक पोराला आधीच पाठ असते हो, त्यासाठी रंगीत चौकट कशाला छापायची.

सातातून पाचबद्दल फार लिहीत नाही, ठीकठाक आहे, नंतरच्या सेटमधे तर जरा जास्तच सोपं.

अॅपचा वैताग राहिलाच. ऑडिओ क्यूआर कोड स्कॅन करून ऐकायचं, सुरुवातीचे पाच सेट लगेच उघडतात, सहाव्यापासून फोन नंबर मागतं, आणि चौदाव्या सेटचा कोड स्कॅन केला की तेराव्याचंच ऑडिओ लागतं. पोरीला शाळेत फोन न्यायची परवानगी नाही, म्हणून तिच्या आईने सगळं उतरवून एका जुन्या प्लेअरमधे भरून दिलं. कागद पातळ आहे, खोडरबर जोरात फिरवला की मागचा उतारा दिसायला लागतो.

निकाल काय, तर मेच्या शेवटच्या सराव परीक्षेत लिसनिंग 18 वरून 25.5 वर आलं, आणि चार उताऱ्यांचं 27.5 वरून फक्त 30 वर. यातच माझा अख्खा रिव्ह्यू आला खरं तर. 8 जूनला परीक्षा केंद्राच्या आसपास हॉर्न बंद, बांधकामं बंद, मी पण उगाच घरात मिक्सर लावला नाही. संध्याकाळी तिला विचारलं कसं गेलं, तर म्हणाली शर्ट अजून नऊ पौंड पंधरालाच आहे, पुढचं निकालाच्या दिवशी सांगते.

कोणी घेणार असेल तर लिसनिंगसाठी बिनधास्त घ्या, रीडिंगसाठी उत्तरं समजावून देणारं दुसरं काहीतरी बघा. आणि एक, शाळेत नेण्याआधी उत्तरांच्या वहीचे फोटो काढून ठेवा, कारण पोरांनी उत्तरं उतरवू नयेत म्हणून वर्गशिक्षिका ती वही पहिल्याच दिवशी काढून घेतात, आणि संहिता नेमकी त्यातच असते.