पांढरी की जर्मन? पोटातल्या पाण्याचा प्रश्न

खान्देशात मोठी गाडी घ्यायची म्हटली की सल्ला मागावा लागत नाही. चहाच्या टपरीवरही तो फुकट मिळतो. "पांढरी घे भो, डोळे मिटून घे." मीही डोळे मिटूनच घेतली होती. सहा वर्षं चालवली. मग विकली आणि जर्मन घेतली, तिला आता तिसरं वर्ष चालू आहे. दोन्ही रोज वापरलेला माणूस म्हणून गेल्या दिवाळीपासून तिघांनी विचारलंय. त्यातला एक माझाच मावसभाऊ. फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून काढतो.

नावं मुद्दाम घेत नाही. दोन्हीकडचे शोरूमवाले ओळखीचे आहेत, लग्नाकार्यात भेटतात. पांढरी म्हणजे लॅडर फ्रेमवाली, म्हणजे वेगळ्या चौकटीवर बॉडी बसवलेली, सात सीटची, पुढाऱ्यांची आवडती. जर्मन म्हणजे मोनोकॉक, म्हणजे चौकट आणि बॉडी एकच असलेली, पाच सीटची, मध्यम आकाराची डिझेल. ओळखणारे ओळखतील. किती हॉर्सपॉवर, किती एअरबॅग, ते ब्रोशरमध्ये बघा.

माझी धाव आधी सांगतो, कारण सगळा निकाल तिच्यावर आहे. घर जळगावला, कापसाची सरकी काढायची जिनिंग मिल चोपड्याला. ममुराबाद, विदगावचा तापीवरचा पूल, धानोरा, अडावद असं जायला पन्नास-पंचावन्न किलोमीटर, यायला तेवढेच. आठवड्यातून सहा दिवस. रस्ता काही ठिकाणी लोण्यासारखा, काही ठिकाणी देवाघरचा. समोरून केळीचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, कापसाने फुगलेल्या पिकअप. आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी स्पीडब्रेकर. गावातल्या उत्साही मंडळींनी बांधलेले वेगळे.

पांढरीचे गुण लपवणार नाही. सर्व्हिस गावातच, सकाळी टाकली की संध्याकाळी घरी. सहा वर्षांत ती एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. डिक्कीत चार कट्टे बी टाका, मागे सहा माणसं कोंबा, तिला काही वाटत नाही. विकताना तर मला लाज वाटावी इतके पैसे आले. पारोळ्याचा गिऱ्हाईक टोकन घेऊनच आला होता, घासाघीससुद्धा मनापासून केली नाही त्याने.

"शेतात जाते" या गुणाबद्दल मात्र थोडं थांबून बोलतो. तिला फोर बाय फोर आहे, चिखलातून हळू पण जोर लावून निघायला लो रेंज गिअर आहे, सगळं खरं. पण आपल्या काळ्या मातीत जुलैमध्ये उतरलात तर दहा पावलांत टायरचे खाचे भरतात आणि चाकाचा रोडगा होतो. गाडी कुठलीही असो, शेवटी ट्रॅक्टर आणि दोर. मी दोनदा हा प्रयोग केला. दुसऱ्या वेळी ओढायला आलेल्या सालदाराने जे तोंड केलं ते अजून आठवतं. त्यामुळे शेतासाठी म्हणून पांढरी घेत असाल तर मनाशी खरं बोला. बांधापर्यंत जर्मनही जाते.

मानमरातब हा मुद्दा कुणी उघड बोलत नाही, पण असतो. पांढरीला टोलवर, तहसीलच्या आवारात, लग्नाच्या मांडवाबाहेर आपोआप जागा होते. कोणत्या पक्षाचे म्हणून लोक विचारतात. आणि लग्नसराईत प्रत्येक नातेवाइकाला नवरदेवासाठी तुमचीच गाडी लागते; बॉनेटवर फुलांचा सेलोटेप लावून देतात, तो काढताना रंग जातो की राहतो ही तुमची काळजी. जर्मन गाडीला हे दुखणं नाही. अडावदच्या स्टँडवर तिला बघून एकाने विचारलं, "इलेक्ट्रिक आहे का?" दुसरा पुण्याची पासिंग बघून पत्ता सांगायला लागला.

आता ज्यासाठी पांढरी गेली ती गोष्ट.

आपल्याकडे चांगल्या गाडीचं कौतुक एका वाक्यात होतं: पोटातलं पाणी हलत नाही. पांढरीत ते हलायचं. माझं नाही, मी स्टीअरिंग धरून बसलेला असायचो. चालवणाऱ्याला झोला आधी कळतो, अंग आपोआप सावरतं. हलायचं मागे बसणाऱ्याचं. अशा गाड्यांत खाली शिडीसारखी चौकट, तिच्यावर रबरी बुशांवर ठेवलेली बॉडी आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध अॅक्सल. एका चाकाखाली खड्डा आला की दुसऱ्या चाकालाही त्याची खबर जाते. वर उंची जास्त. ब्रेकर तिरका ओलांडला की मागच्या माणसाचं डोकं एकदा डावीकडच्या काचेकडे जातं, एकदा उजवीकडच्या. गंमत म्हणजे सातही सीट भरल्या की हीच गाडी शहाण्यासारखी बसते. रिकामी असली की उडते. आणि माझी रोज रिकामीच असायची. मी, आणि कधी आई.

आई दर मंगळवारी माझ्याबरोबर चोपड्याला येते, मावशीकडे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पहिली दोन वर्षं काही बोलली नाही. त्या पिढीची माणसं मुलाच्या गाडीला नावं ठेवत नाहीत. मग धानोऱ्याच्या आसपास डोळे मिटून घ्यायला लागली. मला वाटलं झोप. मग पिशवीत आवळासुपारी आली, मग लिंबू. एका चैत्रात आम्ही वणीला गडावर निघालो. नांदुरीपासून घाट लागला, तिसऱ्या-चौथ्या वळणावर तिने माझ्या खांद्याला हात लावला. "थांब रे भाऊ जरा. पोटातलं पाणी वर येतंय माझं." खाली उतरून दगडावर बसली. शेजारून खान्देशातून पायी आलेली माणसं झेंडे घेऊन गड चढत होती, आमच्यापेक्षा मजेत. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "पायी चाल माय, बरं वाटी."

परतल्यावर मी उपाय केले. टायरमधली हवा थोडी कमी केली, शॉकअब्सॉर्बर बदलले, डिक्कीत सरकीची दोन पोती टाकून हिंडलो. फरक पडला, पण रुपयात चार आण्यांचा. आणि त्यानंतरच्या मंगळवारी आई म्हणाली, "तू जा पुढे, मी एस्टीने येते." पन्नास लाखांच्या घरातली गाडी दारात उभी आणि आई स्टँडवर एस्टीची वाट बघणार. त्या दिवशी मनातून ती गाडी विकली गेली, कागदावर विकायला पुढे चार महिने लागले.

जर्मन मी नवी घेतली नाही, हेही सांगायला हवं. तीन वर्षांची, पुण्याहून, एका हाताची. या गाड्यांची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत ज्या वेगाने उतरते ती बघून पहिल्या मालकाची कीव येते, आणि दुसऱ्या मालकाची चैन होते. मला ती नव्या पांढरीपेक्षा स्वस्त पडली. नवी घेणाऱ्यांसाठी एवढंच: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा कर सेससकटच्या ५० टक्क्यांवरून ४० टक्के जीएसटीवर आलाय. पण वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स १५ टक्के, आणि कंपनीच्या नावावर घेतलीत तर २०. घसारा दाखवून आयकर वाचवायच्या मोहात हा आकडा विसरला जातो. जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेला कर धंद्याच्या करातून वजा करायची सोय, असल्या गाडीवर मिळत नाही, ते सीएला विचारून घ्या.

तिच्यातलं पहिलं महिनाभराचं नवल म्हणजे शांतता. कापसाची पिकअप शेजारून गेली तरी आतलं बोलणं थांबत नाही. मागची चाकं सुटी-सुटी काम करतात, एक खड्ड्यात गेलं तर दुसरं आपल्या जागी. ॲव्हरेज माझ्या हातात पांढरीला दहा-अकरा मिळायचं, हिला तेरा-चौदा. आईची लिंबाची पिशवी दुसऱ्या मंगळवारी घरीच राहिली, ती आजतागायत.

म्हणून हिला खोड नाही असं नाही. मोठी खोड आहे: स्टेपनी नाही. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर दोन भावांनी १९०४च्या सुमारास जादा चाकाचा धंदा काढला, त्या रस्त्याचं नाव आपल्या तोंडी रुळलं. आणि ज्या गाड्यांना आपण सगळ्यात भारी म्हणतो त्यांच्यातूनच ते चाक गायब. २०२० साली केंद्राने नियमही सैल केला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. माझ्या गाडीला रनफ्लॅट टायर आहेत. हवा गेली तरी जाड बाजूंच्या जोरावर ८०च्या आत वेग ठेवून ८० किलोमीटर जाता येतं, असं पुस्तकात लिहिलंय.

पुस्तकातलं खरं निघालं. पहिल्याच पावसाळ्यात धानोऱ्याच्या पुढे डांबराची कड तुटलेली होती, टायरच्या बाजूला चीर पडली. लाल दिवा लागला, मी चाळिशीच्या वेगाने जिनिंगपर्यंत पोचलो. भर पावसात जॅक लावावा लागला नाही, हे मान्य. पण बाजूची चीर म्हणजे किटमधला फेस कामाचा नाही आणि पंक्चरवाल्याचं मशरूम, म्हणजे भोकात बसवायचं रबरी बूचही नाही, टायरच बदलावं लागतं. चोपड्याच्या टायरवाल्याने वाकून नंबर वाचला, पुन्हा वाचला, हात पुसले. "हाई टायर आठे भेटाव नही, भाऊ." जळगावलाही नव्हतं. चार दिवस गाडी वजनकाट्याशेजारी उभी होती आणि मी पिकअपमध्ये फिरत होतो. किंमत पस्तीस हजारांच्या घरात. तेव्हा एक जास्तीचं मागवून ठेवलं. ते जिनिंगच्या ऑफिसात पडलंय. मुनीमजींनी त्यावर पाटी टाकून चहाचं टेबल केलंय.

दुसरी खोड युरिया. आजकालच्या बऱ्याच डिझेल गाड्यांना धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मारायला युरियाचं पाणी लागतं, साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते संपू दिलंत तर गाडी एकदा बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाही. दिवा बराच आधी लागतो, त्यामुळे अडचण अशी नाही. पण ऐन हंगामात "भाऊच्या गाडीलेबी युरिया लागस" हा विनोद किती वेळा ऐकावा याला मर्यादा असते.

सर्व्हिसला मला नाशिक किंवा संभाजीनगर. ड्रायव्हर पहाटे पाचला निघतो, दिवस मोडतो. वॉरंटी वाढवून घेतली आहे, त्याशिवाय झोप लागली नसती. उन्हाळ्याचं म्हणाल तर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत दोन्ही गाड्यांच्या सीटवर पापड भाजतो; एसी दोघींचा चांगला. जर्मन गाडीच्या काचेच्या छताचा पडदा मी एप्रिल ते जून उघडतच नाही.

मग काय घ्यावं? माझं ऐकाच असं नाही. घरात सात माणसं असतील, गाडी सहा-आठ वर्षं ठेवून विकायची असेल, नंदुरबार-अक्कलकुव्याकडे रात्री-अपरात्री एकटं फिरणं असेल, तर पांढरीच घ्या, मी अडवणार नाही. स्टेपनी खाली लटकलेली असणं हे रात्री अकरा वाजता फार मोठं सुख आहे. रावेरच्या केळीवाल्याला मी हेच सांगितलं. पण गाडीत रोज एक-दोनच माणसं बसत असतील आणि त्यातलं एक मागे बसणारं, साठीच्या पुढचं असेल, तर थोडी कटकट सोसून जर्मनकडे बघायला हरकत नसावी. आणि घेतलीत तर पाचवं टायर त्याच दिवशी घ्या, उद्यावर टाकू नका.

एक विनंती मात्र मावसभावालाही केली. ट्रायलला शोरूमवाले हायवेवर नेतात, तिथे ट्रकसुद्धा गोड चालतो. त्यांना म्हणा, विदगावचा पूल ओलांडून धानोऱ्यापर्यंत चला. स्टीअरिंग त्यांच्या पोराच्या हातात द्या आणि तुम्ही मागे बसा, डाव्या बाजूला, जिथे आई बसते. निघायच्या आधी पोटभर वरणबट्टी खाऊन घ्या.