शिरोलीच्या वाटेवरची हायब्रीड सायकल: पावसाळा आणि गळीत हंगाम या दोन्हींतला अनुभव

आठवड्यातून दोन-तीन दिवस कामावर सायकलने जाणाऱ्या माणसाची गरज रोज सायकल चालवणाऱ्यापेक्षा वेगळी असते. बहुतेक दुकानांत मात्र ती लक्षातच घेतली जात नाही, आणि परवडणारी हायब्रीड, म्हणजे रस्त्यावरची आणि डोंगरी सायकल यांच्या मधल्या धाटणीची सायकल निवडताना याच गोष्टीचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे. रोजच्या सायकलची देखभाल ओघात होऊन जाते. मधूनमधून वापरायची सायकल आठ-दहा दिवस जिन्याखाली उभी राहते आणि एखाद्या सकाळी साडेसातला ती तयार असावी लागते. त्या सकाळी हवा गेलेली असेल, चेन गंजलेली असेल किंवा ब्रेक घासत असेल, तर आपण मुकाट्याने मोटारसायकलची किल्ली उचलतो, आणि असे तीन-चारदा झाले की सायकल कायमची कोपऱ्यात जाते.

माझा रस्ता कळंब्याहून शिरोली एमआयडीसीचा, म्हणजे कोल्हापूर शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाचा आहे. संभाजीनगर, उद्यमनगर, शाहूपुरी, कावळा नाका आणि तावडे हॉटेल अशा क्रमाने गेल्यावर राष्ट्रीय महामार्ग 48 लागतो आणि पंचगंगेचा पूल ओलांडावा लागतो. चढ फारसे नाहीत. खड्डे, गतिरोधक आणि अवजड वाहने मात्र पुष्कळ आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली ही सायकल 15,000 ते 25,000 रुपयांच्या गटातली आहे: ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे साधा, सस्पेन्शन नसलेला फोर्क (पुढचे चाक धरणारा दुभागी दांडा), 700×38 मापाचे टायर, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक आणि पुढे तीन, मागे सात असे शिमानो टुर्नीचे गिअर.

सस्पेन्शन नाही याचे अनेकांना आश्चर्य वाटले. या किमतीत मिळणारा सस्पेन्शन फोर्क बहुतेक वेळा साध्या स्प्रिंगचा असतो, सायकलचे वजन किलो-दीड किलोने वाढवतो आणि एक-दोन पावसाळ्यांत पाणी व चिखल आत जाऊन जड होऊ लागतो. शहरातल्या खड्ड्यांसाठी रुंद टायर आणि त्यात बेताची हवा हाच खरा उपाय आहे. टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या मधल्या टप्प्यात हवा ठेवली की गाडी जडही जात नाही आणि मनगटांना हिसकेही बसत नाहीत.

टायरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा सर्वाधिक अनुभव तिथला आहे. उद्यमनगरातून आणि शिरोलीतून जाताना लेथवरचा लोखंडी कीस रस्त्यावर पडलेला असतो. तो काचेसारखा चमकत नाही, त्यामुळे दिसत नाही. असे पंक्चर झाल्यावर ट्यूब बदलून लगेच हवा भरली, तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर होते, कारण केसाएवढा बारीक तुकडा टायरच्या रबरात रुतून राहिलेला असतो. टायरच्या आतल्या बाजूने कापसाचा बोळा सावकाश फिरवावा. जिथे कापसाचे तंतू अडकतात, तिथे तो तुकडा सापडतो आणि बाहेरून चिमट्याने ओढला की निघतो. यानंतर मी पंक्चररोधक पट्टा असलेले टायर बसवून घेतले. ते थोडे जड आहेत, पण सायकलीवर केलेल्या साऱ्या खर्चात हा खर्च मला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

नवा टायर मागताना नुसते ‘अठ्ठावीस इंची’ म्हणू नये. जुन्या काळ्या सायकलींचा अठ्ठावीस इंची टायर 635 मिलिमीटरच्या रिमचा असतो, तर हायब्रीडचा 622 च्या रिमचा. टायरवर 38-622 अशा पद्धतीने लिहिलेला आकडा दाखवूनच खरेदी करावी. व्हॉल्व्हही पाहून घ्यावा. मोटारसायकलसारखा, म्हणजे श्रेडर व्हॉल्व्ह असेल तर कोणत्याही टायरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक, टोकाशी पेच असलेल्या प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी जोडणी खिशात बाळगावी लागते. घरी उभा पंप असणे तर आवश्यकच आहे, कारण वापरली नाही तरी सायकलच्या ट्यूबमधली हवा हळूहळू कमी होतच राहते.

डिस्क ब्रेकचे पैसे कोल्हापूरच्या पावसात वसूल झाले, असे मी निश्चितपणे म्हणेन. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकमध्ये ओला चिखल आणि वाळू अडकून रबर व रिम दोन्ही झिजतात आणि भिजलेल्या रिमवर चाकाच्या पहिल्या काही फेऱ्यांत ब्रेक लागतच नाही. डिस्क रिमपासून दूर असल्याने हा त्रास बराच कमी होतो. तारेवरच्या डिस्कला मात्र अधूनमधून हात लावावा लागतो. पॅड झिजले की मुठीचा लिव्हर हँडलपर्यंत जाऊ लागतो, तेव्हा तारेवरची फिरकी पाव-पाव फेरी उलगडावी आणि कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) आतल्या बाजूचा स्थिर पॅड ॲलन कीने थोडा पुढे आणावा. चेनला तेल देताना फवारा मारू नये. तेलाचा शिडकावा डिस्कवर गेला तर ब्रेक किंचाळू लागतो आणि पकडही जाते.

एकवीस गिअरपैकी मी जवळजवळ सगळा प्रवास पुढच्या मधल्या चक्रावरच करतो. लहान चक्राची आठवण टेंबलाईच्या चढालाच होते. पुढे एकच चक्र आणि मागे आठ अशी सायकल त्याच किमतीत मिळत असेल, तर नेहमीच्या कामासाठी ती घ्यावी, कारण तिला एक तार आणि एक डेरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) कमी असतो. मागे कॅसेट, म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) सरकवून बसवलेला चक्रांचा संच असेल तर अधिकच बरे. स्वस्त सायकलींतल्या फ्रीव्हीलच्या, म्हणजे हबवर पेचाने बसवलेल्या संचाच्या रचनेत उजवीकडचे बेअरिंग बरेच आत असते, त्यामुळे वजनदार चालक, सामान आणि खड्डे एकत्र आले की मागचा ॲक्सल वाकण्याची शक्यता असते.

मडगार्ड आणि कॅरिअर हे हायब्रीडवर क्वचितच बसवून येतात, पण त्यांच्याशिवाय कामावर जाण्याचा विचारही करू नये. पाठीवरच्या पिशवीमुळे शर्ट घामाने भिजतो, तोच डबा कॅरिअरवरच्या झोळीत गेला की प्रश्न मिटतो. खरेदीपूर्वी फ्रेमवर कॅरिअरची आटे असलेली छिद्रे आहेत का, हे वाकून पाहावे. मागच्या डिस्कचा कॅलिपर बाहेर असेल तर कॅरिअरचा पाय त्याला अडतो, तेव्हा डिस्कसाठी बनवलेलेच कॅरिअर मागावे. माझ्या बाबतीत दुकानदाराने आखूड प्लॅस्टिकचे मडगार्ड बसवून दिले होते आणि त्यातून उडालेले पाणी थेट पाठीवर येत असे. पूर्ण लांबीचे, खाली झडप असलेले मडगार्ड नंतर वेगळे घ्यावे लागले. मुसळधार पाऊस असेल त्या दिवशी परीख पुलाखाली पाणी साचते आणि पुराच्या दिवसांत महामार्गाचाच भरवसा नसतो. 2019 आणि 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ तो बंदच झाला होता. असे दिवस सायकलचे नव्हेत.

गळीत हंगामात परतीचा प्रवास अंधारात होतो आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सोबत असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवाही नसतो, आणि बाहेर आलेले उसाचे वाढे अंगाला लागेपर्यंत दिसत नाही. म्हणून पुढचा दिवा रस्ता उजळणारा हवा, केवळ लुकलुकणारा नव्हे. मागचा लाल दिवा कॅरिअरच्या टोकाला लावावा, सीटखाली लावलेला दिवा झोळीमुळे झाकला जातो. रस्त्यावर सांडलेल्या ओल्या पाचटावर वळताना ब्रेक दाबू नये, वेग आधीच कमी करावा.

चेनसाठी फूटपट्टी पुरते. बारा इंचांत बारा पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) बसतात. शेवटची पिन बाराच्या रेघेपुढे एक-सोळांश इंच सरकलेली दिसली की चेन बदलावी, म्हणजे मागची चक्रे वाचतात. माझी चेन अजून त्या रेघेच्या अलीकडे आहे. ओल्या दिवसांनंतर ती कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब देतो आणि वरचे तेल पुन्हा पुसून काढतो, एवढ्यावर ती आठवडाभर उभी राहिली तरी गंजत नाही.