अडकलेला एक्सल: घण, जॅक बोल्ट, पुलर की गॅस?

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला पावसाळ्यात लागलेल्या गाडीच्या एक्सलचे सगळे नट सुटतात, तरी एक्सल जागचा हलत नाही. अशा वेळी दोष बहुधा शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा नसतो. स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या खिळीवर) बसलेला चिरलेला कोन, म्हणजे चीर असलेली शंकूच्या आकाराची बाही, फ्लँजच्या (शाफ्टच्या बाहेरच्या टोकाच्या तबकडीच्या) निमुळत्या भोकात पाचरीसारखी रुतलेली असते. बंदराकडची खारी हवा आणि साचलेलं पाणी त्याला तिथेच गंजवतं. म्हणून आधी कोन सोडवायचा आणि शाफ्ट ओढायचा तो त्यानंतर.

कोणतीही पद्धत निवडा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय नटाला पाना लावू नका. फुल-फ्लोटिंग एक्सलमध्ये (जिथे शाफ्ट फक्त चाक फिरवतो, वजन उचलत नाही) वजन हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, दोन बेअरिंगवर असतं, म्हणून चाक न काढता शाफ्ट निघतो. पण एक शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते. हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर) असेल, तर तोही निकामी होतो. कामाची बाजू जॅकने थोडी उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, म्हणजे गिअर ऑइल दुसऱ्या बाजूला जाईल. तरीही हबखाली ट्रे हवाच.

घण: कोन असलेल्या एक्सलला पहिला मान याचा. गंज सोडवणारं तेल प्रत्येक कोनाच्या चिरेत सोडा आणि शक्य असेल तर रात्रभर मुरू द्या. नट पूर्ण काढू नका. ते स्टडच्या टोकाशी तीन-चार आट्यांवर राहू द्या, कारण कोन सुटतो तेव्हा गोळीसारखा उडतो. मग फ्लँजच्या बरोबर मध्यावर जाड पितळी सळई धरून घणाचे ठाम घाव घाला. हादऱ्याने कोन उसळून नटाला येऊन टेकतात. एखादा हट्टी राहिलाच, तर त्याच्या चिरेत पातळ पेचकस हलकेच ठोकून तो फाकवा. फ्लँजच्या कडेवर किंवा स्टडच्या तोंडावर घाव घालू नका, कारण त्याने फ्लँज वाकते आणि आटे मरतात. फ्लँज आणि हबच्या फटीत छिन्नी घालणं तर त्याहून वाईट. तिथे एक ओरखडा पडला की पॅकिंग (मधली गॅस्केट) नवं घालूनही तेल पाझरत राहतं.

जॅक बोल्ट: काही फ्लँजांना समोरासमोर आट्यांची दोन भोकं असतात. त्यांतली माती काढून आट्यांना जुळणारे बोल्ट टोकाला ग्रीस लावून घाला आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा द्या. सिलिकॉनने चिकटलेली फ्लँज यानेच सर्वांत सफाईने सुटते. पण कोन बसलेले असताना याच्या नादी लागू नका. कोनाचं रुंद तोंड बाहेरच्या बाजूला असतं. फ्लँज बाहेर ढकलली की भोक त्याच्या जाड भागावर चढतं, आणि कोन स्टडला आणखी घट्ट आवळतो. कोन नसलेल्या, साध्या बोल्टांच्या फ्लँजला मात्र जॅक बोल्टच पहिला.

स्लायडिंग हॅमरचा पुलर (सळईवर सरकणाऱ्या वजनाच्या झटक्याने ओढणारं अवजार) हा शेवटच्या टप्प्याचा. फ्लँज थोडीशी बाहेर येऊन अडली, तर स्प्लाइनवर (शाफ्टच्या आतल्या टोकाच्या खाचांवर) पीळ बसला असण्याची शक्यता धरा. आधी उचललेलं चाक हाताने पुढे-मागे फिरवून ताण सोडा, मग पुलर लावा. जास्त लोडमुळे स्प्लाइनच पिळल्या असतील तर कितीही ओढून उपयोग नाही, डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरसंच) उतरवावं लागतं. तुटक्या शाफ्टचा आतला तुकडा पलीकडून लांब सळईने ढकलता येतो, पण डिफरन्शियलच्या मधल्या क्रॉसमधून (त्याचे छोटे गिअर धरणाऱ्या फुलीसारख्या भागातून) आरपार वाट असेल तरच. तुकडा निघाला की जुनं तेल पूर्ण काढा, कारण त्यात लोखंडाचा चुरा असतो.

गॅस, म्हणजे ज्योतीने फ्लँज तापवणं: घाईचे दिवस असले तरी नको. आत तेलाची वाफ असते, शेजारी ऑइल सील आणि ग्रीस असतं. शिवाय लाल केलेल्या फ्लँजचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं आणि ती पुढच्या चढावर दगा देते.

परत बसवताना कोन, वॉशर आणि पॅकिंग नवं घ्या. जुना घासलेला कोन पूर्ण रुतत नाही आणि स्टडवर झटके बसतात. नट गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने आवळा. गाडी सपाटीला आणून तेल भरा, ते हबपर्यंत पोचू द्या, मग पातळी पुन्हा पाहून वर भरा. पहिल्या फेरीनंतर नट एकदा परत तपासा.