ई-कोर्ट्स ॲप: मुंबईतल्या दिवाणी दाव्यात काही महिने वापरल्यानंतर

वकिलाच्या ऑफिसातून दर वेळी "तारीख पडली" एवढंच कळत असेल, तर हे ॲप घ्याच. न्यायालयातल्या केसची माहिती फोनवर दाखवणारं हे सरकारी ॲप फुकट आहे. वकिलाकडच्या कॉन्फरन्सचं, म्हणजे सल्ल्याच्या बैठकीचं, बिल लागतं, ॲपचं नाही.

शोध मात्र वैताग आणतो. जिल्ह्यांच्या यादीत नुसतं 'मुंबई' नाही. शहर दिवाणी न्यायालय, लघुवाद, महानगर दंडाधिकारी अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत. भाडेकरूला घर खाली करायला लावायचा दावा लघुवादमध्येच सापडणार, दिवाणीत शोधून उपयोग नाही. नावाने शोधलं तर स्पेलिंगवर गाडी अडते. त्यामुळे दाव्याची नोंद झाली की लगेच सोळा अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मागून ठेवावा.

पहिले काही आठवडे ॲप म्हणजे तारखांचं कॅलेंडर, याहून जास्त काही वाटत नव्हतं. मत बदललं ते केस हिस्टरीतल्या 'बिझनेस'च्या तारखेवर बोट ठेवल्यावर. तिथे त्या दिवसाचा रोजनामा उघडतो: कोण हजर, तहकुबीचा अर्ज कोणी दिला, 'से' (अर्जावर समोरच्या पक्षाचं लेखी म्हणणं) दाखल झाला का, पुढची तारीख कशासाठी. "जज रजेवर होते" आणि "वादीतर्फे कोणी हजर नाही" यातला फरक इथेच कळतो. एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत छापलेलं आहे. रोजनामे ओळीने वाचले की ते किती पाळलं जातं तेही दिसतं. नोंद कधी कधी उशिरा चढते, म्हणून संध्याकाळी दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावं.

आता खरी खोट. ऑर्डरची पीडीएफ मिळते, पण ती प्रमाणित नक्कल नव्हे. अपिलाला प्रमाणित प्रत लागते आणि तिचा अर्ज स्वतंत्र. शहर दिवाणीच्या हुकूमनाम्यावर (डिक्रीवर) उच्च न्यायालयात ठरलेल्या मुदतीतच जावं लागतं; भाडे कायद्याच्या दाव्यात लघुवादच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे 30 दिवस. मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात, पण अर्ज दिल्यापासूनचेच. प्रतीच्या मागच्या शिक्क्यावर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तीन तारखा असतात. तयार झालेली प्रत खिडकीवर पडून राहिली तर ते दिवस वजा होत नाहीत. ॲपवर निकाल पाहून निवांत बसणारा पक्षकार इथेच फसतो. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकायचा, आणि वकिलाकडून त्याची पोच मागायची.

रोजनामा वाचून वकिलावर राग आला तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये सांगितलं. गैरवर्तन असेल तर वकिलांची नोंदणी करणाऱ्या बार कौन्सिलकडे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली तक्रार होते. थकलेल्या फीसाठी फाइल अडवून ठेवायचा हक्क मात्र वकिलाला नाही, हे त्याच न्यायालयाने 2000 सालीच ठरवलंय. वकील बदलताना जुन्या वकिलाच्या एनओसीबरोबर (ना हरकत पत्राबरोबर) मूळ कागद यादी करून ताब्यात घ्यावेत.

ॲपला चार तारे. पाचवा कापला, कारण 'माय केसेस'ची यादी फोनमध्येच राहते; फोन बदलण्याआधी एक्स्पोर्ट केली नाही तर सगळे नंबर पुन्हा भरत बसा.