फोल्डिंग मसाज टेबल आणि 3 महिन्यांचा क्लास : सात महिन्यांनंतर, एका बोल्टामुळे लिहावं लागलं

9 डिसेंबरला रात्री साडेनऊला टेबलाचा डोक्याकडचा डावा पाय निसटला. ह्यांचं वजन 88 किलो. ते पालथे झोपलेले आणि मी कमरेवर झुकून भार देत होते. आधी ‘टक्’ असा आवाज आला, मग टेबल त्या कोपऱ्यात खाली बसलं. हे कुशीवर घरंगळले, पण वेळेवर जमिनीला हात टेकला म्हणून डोकं वाचलं. सकाळी उजेडात बघितलं तर त्या पायाच्या दोन बोल्टांपैकी एकाचे आटे पार गुळगुळीत झालेले आणि दुसरा ढिला. साडेअकरा हजारांचं टेबल, पाच महिन्यांत.

टेबल नेहमीचंच आहे. लाकडी पाय, मधून घडी, खालून पोलादी तारा. मापं आणि फोम किती जाड वगैरे सगळीकडे वाचायला मिळतं, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते उंचीबद्दल आणि त्या बोल्टाबद्दल, कारण हे दोन्ही एकच आहे.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. ज्यांनी बाग केली नाही त्यांना सांगते, फळछाटणीनंतर फेल (नको असलेले फुटवे) काढायची, मग घडांची विरळणी करायची. आमच्याकडं सगळे थिनिंगच म्हणतात. हे सगळं मांडवाखाली मान वर करून, हात डोक्याच्या वर धरून. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत. थिनिंगच्या बायका रात्री भाकरी थापताना रडतात, कारण हात वर उचलत नाही. मीसुद्धा त्यांच्यात उभी असते, म्हणून सांगते. गोळ्या खाऊन पोट बिघडलं, बाम चोळून चोळून कातडी लाल झाली. जून महिन्यात मी ठरवलं की हे नीट शिकून घ्यायचं. सांगलीत विश्रामबागला शनिवार-रविवारचा क्लास लावला. फी 18,000, एसटीचं भाडं वेगळं. ह्यांना ते पैसे जास्त वाटले. मलाही वाटले होते, आता वाटत नाहीत.

शिकवणाऱ्या मॅडम फिजिओथेरपिस्ट. पहिले दोन आठवडे तेल हातात दिलंच नाही. डोळे मिटून समोरच्या बाईच्या खांद्याच्या पात्याची कड शोधायची, मानेच्या बुडाशी पुढं आलेला मणका शोधायचा, स्नायूचे धागे कुठून कुठं जातात ते बोटांनी वाचायचं. मला तेव्हा राग यायचा, वाटायचं फी फुकट चालली. पुढं कळलं की हेच खरं शिक्षण होतं. मग लांब हात फिरवणं, पीठ मळल्यासारखं मळणं, एकाच जागी आडवं घासणं. याची नावं फ्रेंच आहेत, एफ्ल्युराज, पेट्रिसाज वगैरे. सगळे याला स्वीडिश मसाज म्हणतात, पण नावं रूढ केली एकोणिसाव्या शतकातल्या योहान मेत्झगर या डच डॉक्टरांनी. नावं पाठ नसली तरी काही अडत नाही.

दाबाचं मात्र अडतं. मॅडमनी शून्य ते दहा असं माप शिकवलं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. सहा-सातच्या वर जायचं नाही. झोपलेला माणूस लाजेनं ‘चालतंय चालतंय’ म्हणत असला तरी त्याचा श्वास बघायचा, पायाची बोटं बघायची. श्वास रोखला, बोटं आवळली, की आपण जास्त दाबतोय. आपल्याकडं दाबताना ओरडा निघाला की मालिश चांगली झाली असं समजतात. दुखण्यावर काम करताना ते उलटं पडतं, स्नायू आणखी आवळून घेतो.

आणि दुखतं एकीकडं, गाठ असते दुसरीकडं! हे मला सगळ्यात आवडलं. थिनिंगच्या बायका खांद्याच्या पुढच्या बाजूला हात ठेवून सांगतात, ‘वैनी, हितं खोल खोल दुखतंय.’ तिथं कितीही चोळा, फरक पडत नाही. पात्याच्या मागच्या अंगावर इन्फ्रास्पायनेटस नावाचा स्नायू आहे. त्यातला दुखरा बिंदू शोधून दाबला की बाई स्वतःच म्हणते, ‘ह्येच ते, पुढं कळ आली बघा.’ तिथं अर्धा-एक मिनिट स्थिर दाब धरायचा, ढिलं पडू द्यायचं, मग लांब हात फिरवायचा. खांद्यावरच्या ट्रॅपेझियस स्नायूतल्या गाठीची कळ कानामागून कानशिलापर्यंत जाते, म्हणून बागेतून आल्यावर डोकं धरतं. ही दुखण्याची नकाशेवारी अमेरिकेतल्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी आयुष्यभर खपून मांडली. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर इलाज करायच्या त्या.

आता उंची.

टेबल जुलैत आलं. चारही पाय 75 सेंटीमीटरवर लावलेले होते आणि मी तसंच वापरायला घेतलं. माझी उंची पाच फूट. दोन महिने मी खांदे उचलून, मनगटं मागं वाकवून, नुसत्या अंगठ्याच्या जोरावर काम केलं. सप्टेंबरात उजव्या अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ यायला लागली की दुधाच्या पिशवीची गाठ सोडता येईना. दुसऱ्याचं दुखणं कमी करायला शिकले आणि माझंच दुखणं घेऊन बसले. मॅडमना दाखवलं तर त्यांनी अंगठा बघितलाच नाही. विचारलं, ‘टेबल किती उंच आहे?’

माप असं आहे. काम करताना जी चप्पल घालणार ती घालून टेबलाशेजारी ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, हलकी मूठ करायची. मुठीची हाडं टेबलाला जेमतेम टेकली पाहिजेत. जाड अंगाचा माणूस असेल किंवा कुशीवर झोपवायचा असेल तर आणखी खाली. माझं माप निघालं 65. दहा सेंटीमीटरचा फरक! 65 वर आणल्यावर एक पाय पुढं, एक मागं, कोपर जवळजवळ सरळ, आणि मागच्या टाचेतून सगळं वजन हळूहळू हातात उतरतं. दाबावं लागतच नाही, झुकावं लागतं. अंगठ्याऐवजी बोटांची पेरं, मूठ, कोपराखालचा हात वापरता येतो. तीन आठवड्यांत माझी कळ गेली.

हे क्लासनं पहिल्या दिवशी का सांगितलं नाही, याचा मला आजही राग आहे. क्लासमधली टेबलं मॅडमच्या उंचीला लावलेली, आणि त्या पाच फूट सहा इंच. आम्ही बारा जणी, त्यातल्या निम्म्या माझ्याएवढ्या. इतका चांगला क्लास आणि एवढी मोठी चूक. सातव्या आठवड्यात उंचीचा एक उल्लेख आला होता, पाच मिनिटांचा.

घरी सासऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, यात नवीन काय? ते तरुणपणी तालमीत होते, हिंदकेसरी मारुती माने यांच्या कवठेपिरानकडची मैदानं गाजवलेली पिढी त्यांनी डोळ्यांनी बघितली आहे. तालमीत पैलवानाला जमिनीवर झोपवून दुसरा गडी पायानं तुडवतो, गुडघ्यानं रगडतो, अंगाचा भार टाकतो. नुसत्या हाताच्या जोरावर कोणी करत नाही. तीच गोष्ट, फक्त त्यांना टेबल लागत नव्हतं. पलंगावर मात्र करू नका हेही सांगते. गादी सगळा दाब खाते आणि पालथ्या माणसाची मान अर्धा तास एका अंगाला वळलेली राहते. मान दुखणाऱ्याला त्यानं आणखी दुखतं. टेबलाला चेहऱ्याची पाळ (पालथं झोपून तोंड सरळ खाली ठेवायची मधे मोकळी गोल उशी) असते, तेवढ्याचसाठीसुद्धा टेबल घ्यावं.

तर माझी अडचण अशी झाली. माझ्यासाठी 65, हे जाड म्हणून त्यांच्यासाठी 62.5, आणि आईंचे (सासूबाईंचे) गुडघे धरलेले, त्यांना चढायला 60. लाकडी पायाला प्रत्येकी दोन, म्हणजे आठ बोल्ट. दर वेळी आठही सोडायचे, पाय सरकवायचा, पुन्हा आवळायचे. घाईत मी दोनच आवळत असेन, एखादा तिरका बसत असेल. आटे त्यातच गेले. चूक माझी आहेच, पण उंची बदलायची सोय दिली तर ती बदलून झिजणार नाही इतकी मजबूत द्यायला हवी.

कंपनीला नऊ फोन केले. पहिल्या फोनला वॉरंटी आहे म्हणाले. फोटो पाठवल्यावर ‘बोल्ट झिजणं वॉरंटीत येत नाही’. बरं, विकत द्या म्हटलं. ‘मॅडम, सुटा बोल्ट येत नाही, पूर्ण पायाचा सेट घ्यावा लागेल.’ 2,650 रुपये, कुरिअर वेगळं. एका बोल्टासाठी! माणूस पडता पडता वाचला हे सांगितलं तर पलीकडून एक शब्द आला नाही. मला सगळ्यात लागलं ते हे.

20 डिसेंबरला मी इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ठळक लिहिलं होतं की लाकडी पायांचं टेबल घेऊच नका, बटण दाबून पाय सरकणारं अ‍ॅल्युमिनियमचं घ्या. आज 27 जानेवारी. ते वाक्य मागं घेते.

झालं असं की क्लासमधल्या मैत्रिणीकडं अ‍ॅल्युमिनियमचं आहे. तिच्याकडं दोन रविवार काम केलं. पाय क्षणात बदलतात, खरं आहे. पण आपण वजन टाकून झुकलो की टेबल बाजूला हलतं आणि करकरतं, आणि त्या आवाजानं झोपलेला माणूस अंग आवळून घेतो. हलक्या हाताच्या कामाला ते चालेल. गाठीवर कोपर ठेवून मिनिटभर थांबायचं असेल तर लाकडीच बरं.

आणि बोल्ट मिळाला. कुपवाड एमआयडीसीत एका लेथवाल्याकडं जुना बोल्ट घेऊन गेले. त्यानं आटे मोजले, आठ मिलिमीटरचा आहे म्हणाला, आणि चार बोल्ट जाड वायसरसकट 180 रुपयांत दिले. लाकडात ठोकलेला पितळी आटा शाबूत होता, हे नशीब. नवा बोल्ट बसवून आधी त्यावर द्राक्षाचे भरलेले क्रेट ठेवून बघितले, दोन रात्री तसेच राहू दिले, मग माणूस झोपवला.

उंची बदलणंही आता जवळजवळ बंद केलंय. टेबल कायम 62.5 वर. आईंना टेबलावर चढवायचा हट्टच सोडला. त्यांना खुर्चीत बसवून पाय समोरच्या स्टुलावर उशीवर ठेवते आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर काम करते. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात दाबत नाही, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. मानेच्या पुढच्या बाजूला आणि मणक्याच्या हाडावर थेट दाबायचं नाही, हेही तसंच पक्कं. गुडघ्याची झीज मसाजनं भरून येत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. पण रात्री दोन-तीन तास सलग झोप लागते म्हणतात.

फरक किती टिकतो, हे लोक विचारतात. माझ्या बायकांना साधारण दोन दिवस. संशोधनातही मुख्यतः थोड्या काळाचाच आराम दिसतो. का बरं वाटतं, याचं एक उत्तर 1965 साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूपाशीच दुखण्याच्या संदेशांचं दार काही अंशी ओढून घेतात. लागलेली जागा आपण आपोआप चोळतो ती त्याचसाठी. ‘विष बाहेर पडतं’ असं सांगून पैसे घेणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मी एवढंच करते की आराम मिळतोय त्या दोन दिवसांत खांद्याचे व्यायाम करून घेते, कारण दुखत असताना कोणी करत नाही.

ऑक्टोबरात जाऊबाई त्यांच्या आईंना घेऊन आल्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, महिनाभर अंथरुणात. म्हणाल्या, एका पोटरीत गोळा येतोय, जरा चोळून दे. हात लावला तर ती एकच पोटरी गरम, सुजलेली, तुकतुकीत. मी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि आत्ताच्या आत्ता मिरजेला न्या म्हटलं. जाऊबाईंना राग आला, शिकून आली आणि हात लावत नाही म्हणाल्या. मिरजेत डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केलं, शिरेत गुठळी निघाली. चोळलं असतं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. क्लासच्या 18,000 बद्दल घरात त्यानंतर कोणी बोललं नाही. उसण भरली की पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाची लाथ खायची पद्धत आमच्याकडं अजून आहे. माझं कोणाच्या श्रद्धेशी भांडण नाही, पण पायाला मुंग्या, जांघेत बधिरपणा, लघवीवर ताबा नाही, असं काही असेल तर लाथही नको आणि माझा हातही नको, थेट डॉक्टर.

रेक्झिनबद्दल एवढंच की तिळाच्या तेलानं चिकट होतं, साबणाच्या पाण्यानं लगेच पुसलं तर टिकतं. सोबत आलेली पिशवी दुसऱ्या महिन्यात उसवली.

पायांवर मी 65, 62.5 आणि 60 च्या खुणा नेलपॉलिशनं केल्या आहेत. लेथवाल्याच्या चार बोल्टांतले दोन डोक्याकडच्या डाव्या पायाला लावले, दोन उजव्या पायाला. पायथ्याकडचे चार अजून कंपनीचेच आहेत. एप्रिलची खरड छाटणी सुरू व्हायच्या आत तेही बदलून घेणार. कंपनीनं माझी तक्रार ‘निकाली’ दाखवली होती. परवा मी ती पुन्हा उघडली, लेथवाल्याची 180 रुपयांची पावती जोडून, आणि मागणी एकच लिहिली आहे : बोल्ट सुटा विकायला ठेवा.