नेब्रास्कातलं होमस्टेड पार्क : फुकटची जमीन नेमकी कितीला पडली ते बघायला जा

आय-८० हायवेवरून कोलोराडोला गाडी हाणत जाताना "नेब्रास्कात आहे काय, मका आणि आकाश" असं म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू. लिंकनपासून दक्षिणेला हायवे ७७ ने साधारण ४० मैलांवर बिअॅट्रिस नावाचं गाव आहे, तिथून पश्चिमेला हायवे ४ वर चारेक मैल गेलं की होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क. होमस्टेड म्हणजे सरकारने लोकांना कसायला फुकट दिलेला जमिनीचा तुकडा, १६० एकरांपर्यंतचा. पार्क नॅशनल पार्क सर्व्हिसचं आहे, तिकीट वगैरे काही नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली येईलच.

पार्किंग लॉटचं कौतुक करायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आलीये. हेरिटेज सेंटरचा (म्हणजे इथलं म्युझियम) लॉट बरोब्बर एक एकराचा बांधलाय. शहरात वाढलेल्या माणसाला एक एकर म्हणजे किती हे कागदावर माहीत असतं, पायाला माहीत नसतं, इथे गाडी लावून दारापर्यंत चालताना ते कळतं आणि मग डोक्यात आपोआप गुणाकार सुरू होतो, की असे १६० लॉट, कुंपण नाही, रस्ता नाही, बहुतेक ठिकाणी झाडसुद्धा नाही, आणि कसायला एक नवरा, एक बायको आणि नशीब असेल तर बैलांची जोडी.

कायदा थोडक्यात सांगते. २० मे १८६२ ला लिंकनने (अध्यक्ष, गाव नव्हे) होमस्टेड अॅक्टवर सही केली. वय २१ पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख, नागरिक किंवा नागरिक व्हायचा इरादा जाहीर केलेला, आणि सरकारविरुद्ध शस्त्र न उचललेला कोणीही १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागू शकत होता. एकट्या बाईला, विधवेला स्वतःच्या नावावर मिळायची, त्या काळात हे काही लहान नाही. पाच वर्षं तिथेच राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करायचे की हो, हा माणूस खरंच इथे राहिलाय. फी सगळी मिळून १८ डॉलर, अर्जाचे १०, कमिशनचे २ आणि शेवटी कागद हातात घेताना ६. पाच वर्षं दम नसेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलरने विकत घ्यायची पण सोय होती, म्हणजे पूर्ण तुकड्याचे २०० डॉलर, आणि ते बहुतेकांकडे नव्हतेच म्हणून तर ते इकडे आले होते.

तर आत शिरताना सगळे १८ डॉलर ऐकून खूश होतात आणि बाहेर पडेपर्यंत तो आकडा थाप वाटायला लागतो, या जागेची खरी कमाल मला तरी ही वाटली. नांगर, बैल, वॅगन, बियाणं, लोखंडी स्टोव्ह, खिडकीची काच, पहिलं पीक हातात येईपर्यंतचं पीठ, सगळं रोखीचं. जमीन फुकट, बाकी काहीच नाही.

पार्क ज्या जमिनीवर आहे ती डॅनियल फ्रीमनची. १ जानेवारी १८६३, कायदा लागू झाला त्या पहिल्याच दिवशी त्याने ब्राउनव्हिलच्या लँड ऑफिसात अर्ज टाकला. मध्यरात्र उलटल्या उलटल्या क्लार्कला ऑफिस उघडायला लावलं अशी गोष्ट सांगतात, त्यात तिखटमीठ किती ते देव जाणे. पण माणूस हुशार होता, कब क्रीकच्या काठची जमीन पकडली म्हणजे पाणी आणि लाकूड दोन्ही हाताशी. त्याची बायको अॅग्नेस मुळात त्याच्या भावाशी लग्न ठरलेली, तो भाऊ सिव्हिल वॉरमध्ये (अमेरिकेतलं यादवी युद्ध) वारला, मग डॅनियलने पत्रं लिहून लिहून तिला आयोवाहून इकडे यायला राजी केलं. तो १९०८ मध्ये गेला, ती १९३१ पर्यंत होती. दोघांची थडगी पार्कातच आहेत, तिथपर्यंत जरूर चाला.

पामर-एपार्ड केबिन हे लोक पटकन बघून पुढे जातात, तसं करू नका. १८६७ ची आहे, याच काउंटीतून उचलून इथे आणलेली, १४ फूट बाय १६ फूट, आमच्या अपार्टमेंटचा हॉल याहून मोठा आहे. पामर कुटुंबाने यात दहा मुलं वाढवली. दहा! दारात उभं राहून नुसतं मोजून बघा की स्टोव्ह इथे, टेबल इथे, पलंग तिथे, मग बाकीचे रात्री कुठे आडवे होत असतील, आणि नोव्हेंबर ते मार्च बाहेर जायची सोय नाही, ओले कपडे आतच वाळत घातलेले, कोणाला तरी खोकला. पोरांना घेऊन गेलात तर "मला वेगळी रूम पाहिजे" हा विषय महिनाभर तरी निघणार नाही.

आता तो कापलेला अर्धा स्टार. प्रेअरीवरच्या (म्हणजे इथल्या मोकळ्या गवताळ मैदानांवरच्या) लोकांचं म्हटलं की जे घर डोळ्यासमोर येतं, गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांचं, सॉड हाउस, ते अख्खं इथे उभं नाहीये. कारण प्रामाणिक आहे, पूर्व नेब्रास्कात ओढ्याकाठी झाडं होती म्हणून केबिन लाकडाच्या. पण जसजसं पश्चिमेला जावं तसं लाकूड संपत जातं आणि तिथे लोकांनी जमिनीच्याच विटा केल्या. खास नांगराने साधारण फूटभर रुंद, दोन-तीन फूट लांब आणि चारेक इंच जाड पट्ट्या कापायच्या आणि गवताची बाजू खाली करून एकावर एक रचायच्या. एका साध्या घराला अर्धा एकर जमीन सोलावी लागायची. भिंती एवढ्या जाड की उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, वाऱ्याने हलत नाही, आगीला सहसा दाद देत नाही, इथपर्यंत सगळं मस्त. पण छप्परही मातीचंच! पाऊस बाहेर थांबला तरी आत ठिपकत राहायचा, स्वयंपाक चालू असताना कढईत चिखल पडायचा, म्हणून बायका वर मलमलीचं कापड ताणून बांधायच्या, माती त्यात पडायची आणि कधीकधी सापही त्यातच पडायचा.

या घरांचे फोटो सॉलोमन बुचर नावाच्या माणसाने १८८६ पासून कस्टर काउंटीत फिरून काढलेत, ऑनलाइन शोधा, तासभर जाईल. एका फोटोत कुटुंबाने घरातला ऑर्गन अंगणात ओढून आणलाय आणि त्याच्याभोवती उभे आहेत, कारण बाईंना पूर्वेकडच्या मैत्रिणींना ऑर्गन दाखवायचा होता, मातीचं घर दाखवायचं नव्हतं. हे वाचल्यावर मला त्या सगळ्या लोकांपेक्षा ती एक बाई जास्त जवळची वाटायला लागली. खरं सॉड हाउस बघायचंच असेल तर ओक्लाहोमात अलीनजवळ १८९४ चं एक जपलंय, अख्ख्या घरावर दुसरी इमारत बांधून.

बाकी हेरिटेज सेंटरची बिल्डिंग मस्त आहे, छत असं वर चढत जातं की नांगराचा फाळ जमीन फाडत चाललाय. मोठ्या काचांतून समोर प्रेअरी दिसते, आणि माझ्या मते पार्कचा खरा ऐवज आतली पॅनल्स नाहीत, ही बाहेरची १०० एकर आहे. नांगरून नांगरून पार संपलेली जमीन होती, १९३९ पासून तिथे मुद्दाम मूळचं उंच गवत परत लावलं आणि अजून वेळोवेळी ठरवून आग लावून ते निरोगी ठेवतात. सप्टेंबरच्या आसपास गेलात तर बिग ब्लूस्टेम नावाचं गवत माणसाच्या डोक्यावरून जातं. जमिनीखाली मुळं त्याहून खोल, आणि ती दाट विणलेली, त्यात पूर्वेकडून आणलेले बिडाचे नांगर प्रेअरीत आले की माती फाळाला चिकटून बसायची आणि दर थोड्या पावलांनी थांबून खरवडायला लागायचं. जॉन डीअरने १८३७ मध्ये इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी नांगर काढला तेव्हा कुठे अशी जमीन वळायला लागली. ट्रेलवर उभं राहून मूठभर गवत उपटून बघायचा मोह होईल, उपटू नका, नियम आहे, आणि उपटणारही नाही.

चुलीत काय घालायचं हा रोजचा प्रश्न. झाड नाही म्हणजे सरपण नाही. मग बायसनच्या रानगोवऱ्या, त्या संपल्या तर गाईगुरांच्या, त्याही नसल्या की वाळलेल्या गवताचे पीळ घालून त्याच्या गुंडाळ्या, पण त्या भसाभस जळायच्या म्हणजे एक माणूस नुसता चुलीला घास भरवायलाच बसलेला. पूर्वेकडून आलेल्या पोरी आधी म्हणे शेणाला हात लावायला कचरायच्या, हातमोजे घालून उचलायच्या, आणि काही दिवसांनी त्याच हाताने पाव मळायच्या. पाण्याचं तसंच, ओढा नसेल तर हाताने विहीर खणायची, खाली खणत जायचं, वरून माती कोसळायची भीती आणि पाणी लागेलच याची खात्री नाही. आणि शरद ऋतूत वणवा. घराभोवती नांगरून पट्टा उघडा ठेवायचा आणि तरी आग आली तर ओली पोती घेऊन धावायचं.

टोळधाड तर वेगळाच प्रकार. १८७४ च्या उन्हाळ्यात रॉकी माउंटनचे टोळ असे उतरले की सूर्य झाकला, उभं पीक तर गेलंच पण जमिनीखालचे कांदे, अवजारांच्या घामाने मुरलेल्या मुठी, दोरीवरचे कपडे पण खाल्ले, रुळांवर चिरडून चिरडून इतके निसरडे झाले की रेल्वे अडल्या. १८७७ मध्ये नेब्रास्कात कायदाच केला की १६ ते ६० वयाच्या धडधाकट पुरुषांनी टोळ मारायच्या कामाला यायचं. आणि गंमत बघा, एवढे अब्जावधी टोळ, पण १९०२ नंतर ती जात कोणाला जिवंत दिसलेलीच नाही. लोकांनी डोंगरपायथ्याच्या नदीखोऱ्यांतल्या त्यांच्या अंडी घालायच्या जागाच नांगरून टाकल्या हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात.

थोड्या बाजूला फ्रीमन स्कूल आहे, विटांची एक खोली, १८७२ ची, १९६७ पर्यंत खरीखुरी चालू होती. इथे बायबल वाचून दाखवणाऱ्या शिक्षिकेविरुद्ध म्हाताऱ्या फ्रीमनने केस लढवली आणि १९०२ मध्ये नेब्रास्काच्या सुप्रीम कोर्टात जिंकला, म्हणजे आजोबा शेवटपर्यंत खमके. त्या बाकांकडे बघून मला मात्र १२ जानेवारी १८८८ आठवला. सकाळ उबदार होती म्हणून पोरं पातळ कपड्यांत शाळेत गेली आणि नंतर एकाएकी असं बर्फाचं वादळ आलं की हाताचा पंजा दिसेना. डाकोटा आणि नेब्रास्का भागात मिळून सुमारे २३५ लोक गेले असा अंदाज आहे, त्यात कितीतरी शाळेतून घरी निघालेली मुलं.

आणि ही "मोकळी" जमीन मोकळी नव्हती. हे म्युझियम झाकून ठेवत नाही, हा माझ्या दृष्टीने मोठा प्लस. बाहेर वाटेवर लिव्हिंग वॉल आहे, ३० राज्यांचे धातूचे आकार एका रांगेत आणि प्रत्येकात जेवढी जमीन होमस्टेडमध्ये गेली तेवढं भोक पाडलेलं. नेब्रास्काचं ४५ टक्के, जवळजवळ अर्धं राज्य गायब. देशभर २७ कोटी एकर, म्हणजे अमेरिकेच्या एकूण जमिनीच्या १० टक्के, सुमारे १६ लाख यशस्वी क्लेम. या भागात ओटो-मिसूरिया हे मूळनिवासी लोक होते, १८५४ च्या करारात त्यांची बहुतेक जमीन गेली, बिग ब्लू नदीवरच्या छोट्या रिझर्वेशनमध्ये (मूळनिवासींसाठी राखलेल्या जागेत) कोंडले आणि १८८१ मध्ये तेही सोडायला लावून ओक्लाहोमाकडे पाठवलं. फ्रीमनला १८ डॉलरला मिळालेल्या जमिनीची किंमत दुसऱ्याच कोणीतरी भरली होती. ती भोकं बघताना हे डोक्यात ठेवा.

ट्रॅक्टरप्रेमींसाठी : शेवटचा होमस्टेडर केन डिअरडॉर्फ, अलास्कात स्टोनी नदीवर ८० एकर, जमिनीचा कागद हातात पडला १९८८ ला. हो, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. त्याचा अॅलिस-चाल्मर्स ट्रॅक्टर इथे ठेवलाय.

जायचं तर मे-जून किंवा सप्टेंबर, जुलैत भर दुपारी ट्रेल करायला जाऊ नका, सावली फक्त ओढ्याकडेला. खायचं बिअॅट्रिसमधूनच घेऊन निघा आणि पाणी भरपूर ठेवा. गवतात टिक (गोचीड) असतात, त्यामुळे फुल पँट, मोज्यात खोचलेली, आणि गाडीत बसायच्या आधी पोरांचे पाय नीट तपासा. "फ्रीमनच्या वेळी पण टिक होते का" असं आमच्या धाकट्याने रेंजरना विचारलं, ते म्हणाले, हो, होते, आणि त्यांच्याकडे स्प्रे नव्हता.