वंशावळ संगणकावर ठेवायची तर कशात? ग्रॅम्प्स, मायहेरिटेज आणि फॅमिलीसर्च

‘आता वंशावळ संगणकावर घेऊनच टाकू’ असं घरात ठरतं आणि ते काम एकाच्या गळ्यात पडतं. त्या एकासाठी हा आढावा. जातपडताळणीपुरतीच वंशावळ हवी असेल तर यातलं काहीच लागणार नाही. तिथे प्रतिज्ञापत्र, शाळेचे दाखले, कोतवाल बुकातल्या म्हणजे गाव नमुना 14 मधल्या नोंदी असे कागद चालतात, सॉफ्टवेअरला कुणी विचारत नाही. सातआठ पिढ्या, लेकींच्या शाखांसकट, नीट लावायच्या असतील तर मात्र निवड विचार करून करावी.

ग्रॅम्प्स हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम स्वतःच्या संगणकावर चालतो. मायहेरिटेज ही 2003 मध्ये सुरू झालेली इस्रायली कंपनी असून तिचं काम वेबसाइट आणि मोबाइल ॲपवर चालतं. तिच्या मोफत खात्यात 250 माणसांपर्यंतच झाड वाढवता येतं, पुढे वर्गणी. फॅमिलीसर्च पूर्ण मोफत आहे, पण तिथे तुमचं वेगळं झाड नसतं. साऱ्या जगाचं मिळून एकच झाड, त्यात तुमची फांदी.

वर्गणीचं आधी बोलू, कारण जाहिराती तिथेच भुलवतात. मायहेरिटेज काय किंवा अँसेस्ट्री ही तशीच अमेरिकी साइट काय, वर्गणीचा मोठा हिस्सा असतो जुन्या नोंदींच्या भांडारासाठी, आणि त्या बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या जनगणनेच्या, चर्चच्या, जहाजांच्या प्रवाशांच्या. आपल्या पूर्वजांची नावं आहेत नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, मोडीतल्या इनामाच्या कागदांत, सातबाराच्या जुन्या फेरफारांत. ती ‘तुमच्या पणजोबांची नोंद सापडली’ अशा आपोआप येणाऱ्या सूचनांमध्ये उगवत नाहीत. फॅमिलीसर्चवर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं आहेत, पण हस्ताक्षरातली पानं एकेक उलटत बसायची तयारी हवी. एखादी शाखा दोन पिढ्यांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेत गेली असेल तर तिच्यासाठी थोडे दिवस वर्गणी भरणं मला पटतं. एरवी नाही.

खरी परीक्षा नावांची. ही सॉफ्टवेअरं ‘नाव’ आणि ‘आडनाव’ अशा दोन रकान्यांवर उभी आहेत. आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. बाईचं आडनाव लग्नात बदलतं आणि अनेक घरांत पाळण्यातलं नावही. तीच बाई माहेरी यमू, सासरी लक्ष्मीबाई आणि नातवंडांत नुसती ‘काकी’. शिवाय एका भावाचं घराणं गावावरून ‘-कर’ झालं, तर दुसऱ्याचं वतनावरून कुलकर्णी किंवा देशपांडे. तिन्ही ठिकाणी पर्यायी नावं लिहिता येतात. ग्रॅम्प्स मात्र इथे सरळ पुढे आहे. एका माणसाला हवी तितकी नावं द्या, प्रत्येकाला जन्मनाव की लग्नानंतरचं हा प्रकार आणि तारीख जोडा. वडिलांवरून आलेलं नाव वेगळं नोंदवून छापताना मधोमध आणता येतं. मायहेरिटेजमध्ये ते पहिल्या नावाच्याच रकान्यात ‘दत्तात्रय विष्णू’ असं कोंबावं लागतं. चालतं, पण बाईच्या बाबतीत तिथे वडिलांचं लिहायचं की नवऱ्याचं यावरून दोन चुलतभाऊ दोन पद्धती वापरतात आणि यादी विस्कटते. कोणतंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी बाईचं मुख्य नाव माहेरचं ठेवा. सासर झाडात दिसतंच.

दत्तक प्रकरणं ग्रॅम्प्समध्ये नीट बसतात. मूल दोन्ही कुटुंबांत दाखवून जन्माचं नातं कुठलं आणि दत्तकाचं कुठलं, हे आई आणि वडील दोघांसाठी वेगवेगळं लिहिता येतं. मामाची मुलगी केलेली असेल तर एकच आजोबा नकाशात दोनदा दिसतील. ते सगळीकडेच होतं, घाबरून एक नोंद पुसू नका.

तारखांची गंमत अशी की ग्रॅम्प्समध्ये इस्लामी, इराणी, ज्यू, इतकंच काय फ्रेंच राज्यक्रांतीचंही कॅलेंडर आहे, शालिवाहन शक नाही. बाकी दोघांकडूनही ती अपेक्षा नको. जुन्या कागदावर ‘शके 1820’ एवढंच असेल तर तारखेच्या रकान्यात 1898 ते 1899 असा टप्पा टाकावा (शकात 78 मिळवायचे, पौषानंतर बहुधा 79) आणि तिथीसकट मूळ मजकूर टिपणात जसाच्या तसा उतरवावा. गावांसाठी ग्रॅम्प्समध्ये एक फार उपयोगी सोय आहे: गाव कधी कोणत्या जिल्ह्यात होतं हे तारखेनुसार सांगता येतं. म्हणजे मालवणातल्या आजोबांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात आणि 1981 नंतर जन्मलेल्या नातवाचा सिंधुदुर्गात, गाव एकच राहून.

मग ग्रॅम्प्सच घ्यावं का? एकट्यानं बसून काम करणारा असेल तर हो. पण ते दिसायला रुक्ष आहे, शिकायला वेळ घेतं, आणि पुण्यातल्या आत्याला नि न्यू जर्सीतल्या चुलतभावाला एकाच वेळी त्यात हात घालता येत नाही. त्यासाठी ग्रॅम्प्स वेब ही ब्राउझरमध्ये चालणारी जोड आहे, पण सर्व्हर सांभाळणारं कुणीतरी लागतं. मायहेरिटेज इथे बाजी मारतं: फोनवरून फोटो चढतात, झाड देखणं दिसतं, ज्येष्ठ मंडळीही रमतात. मात्र 2018 मध्ये या कंपनीच्या नऊ कोटींहून अधिक खात्यांचे ईमेल पत्ते बाहेर गेल्याचं तिनेच जाहीर केलं होतं. तेव्हा हयात माणसांच्या जन्मतारखा तिथे भरण्यापूर्वी त्या माणसांना विचारावं.

फॅमिलीसर्चबद्दल मी साशंक आहे. मृत व्यक्तीची नोंद तिथे कुणीही बदलू शकतं. बदलांचा इतिहास राहतो, उलटवताही येतो, पण त्यासाठी कुणीतरी सतत लक्ष ठेवायला हवं. आजोबांचं नाव नातवाला देण्याच्या आपल्या रिवाजामुळे एकेका घराण्यात ‘विष्णू बाळकृष्ण’ दर दोन पिढ्यांनी येतो, आणि एखादा उत्साही अनोळखी माणूस त्यातले दोघे एकच समजून जोडून टाकतो. शिवाय ही संस्था अमेरिकेतलं मॉर्मन चर्च चालवतं, आणि दिवंगत पूर्वजांसाठी त्यांच्या पंथाचे विधी करणं हा त्या वंशशोधामागचा उघड हेतू आहे. घरातल्या मोठ्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

माझी मांडणी अशी: मूळ प्रत ग्रॅम्प्समध्ये, एकाच्याच हाती; नातेवाइकांना दाखवायला आणि फोटो गोळा करायला मायहेरिटेज. दोन्हींमध्ये ये-जा होते ती जेडकॉम (GEDCOM) फाइलमधून, म्हणजे वंशावळीच्या सॉफ्टवेअरांना सामाईक असलेल्या साच्यातून. ती यूटीएफ-8 (UTF-8) या अक्षरसंकेतातच काढा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उगवतात. सगळी माणसं भरण्याआधी ज्ञानेश्वर, कृष्णाबाई, आश्लेषा अशी दहाएक नावं भरून फाइल बाहेर काढा, दुसरीकडे उघडा आणि पीडीएफही छापून बघा; जोडाक्षरं तुटत असतील तर तिथेच कळेल. फॅमिलीसर्चच्या सामायिक झाडातून अशी फाइल थेट उतरवता येत नाही, रूट्समॅजिकसारखा दुसरा प्रोग्रॅम मधे लागतो. ग्रॅम्प्समधून फाइल काढताना हयात माणसं वगळायची की त्यांची फक्त नावं ठेवायची हे विचारलं जातं. बाहेर द्यायच्या प्रतीत मी ती वगळतो. घरातल्या प्रतीत सगळं राहतं.